हार्मोन सुरू करताना: शरीरातले बदल, रक्ताचे रिपोर्ट आणि सप्लिमेंट्स

माला-डी या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटावर हार्मोन सुरू करणाऱ्या ट्रान्स मुली आपल्याकडे आजही कमी नाहीत. मेडिकलमध्ये कुणी काही विचारत नाही, पैसे फारसे लागत नाहीत, आणि डेऱ्यातल्या, म्हणजे गुरू-चेल्यांच्या घरातल्या, कुणीतरी सांगितलेलं असतं, "मी दोन घ्यायचे, तू चार घे, लवकर दिसेल." या लेखाचं सगळं म्हणणं त्या "चार घे"च्या विरोधात आहे. छाती, त्वचा, चरबी, अंगावरचे केस सगळं बदलतं, पण शरीराला लागेल तेवढा वेळ घेऊनच बदलतं. गोळ्या वाढवल्याने फक्त धोका वाढतो. आपल्या हातात राहतं ते योग्य औषध, योग्य वेळी दिलेलं रक्त आणि नीट वाचलेला रिपोर्ट.

डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं आणि हातातली चिठ्ठी बरोबर वाटते का, हे तुम्हाला कळावं एवढ्यासाठी हे लिहिते आहे. डोस ठरवायचं काम त्यांचंच. वय १८ पेक्षा कमी असेल तर यातलं काहीही स्वतःहून सुरू करू नका. त्या वयाचे नियम आणि औषधं वेगळी असतात.

पहिली पायरी: डॉक्टर आणि सुरुवातीच्या तपासण्या

एंडोक्रिनॉलॉजिस्ट गाठा, म्हणजे थायरॉइड आणि डायबिटीसवाले हार्मोनचे डॉक्टर. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, "डॉक्टर ट्रान्स स्त्रियांना हार्मोन देतात का?" उत्तर अडखळत आलं तर दुसरीकडे चौकशी करा, म्हणजे वेळ आणि फी दोन्ही वाचतात. बरेच डॉक्टर आधी मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र मागतात. त्याने अपमान वाटून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, जेंडर इनकॉन्ग्रुअन्स हा मानसिक आजारांमध्ये मोडत नाही. सरकारी रुग्णालयात टोलवाटोलवी झाली तर ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाच्या २०१९ च्या कायद्यातलं कलम १५ लक्षात ठेवा: हार्मोन थेरपीसह वैद्यकीय सुविधा पुरवण्याची जबाबदारी ते सरकारवर टाकतं. मुंबईत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३ साली तृतीयपंथीयांसाठी वेगळा वॉर्ड सुरू झाला. पुणे आणि कल्याणची, ट्रान्स व्यक्तींसाठीची मित्र क्लिनिक मात्र २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी निधी थांबल्यावर बंद पडली, तेव्हा कुणी जुना पत्ता दिला तर जाण्याआधी चौकशी करा.

सुरुवातीला रक्तदाब, वजन, सीबीसी, लिव्हर, किडनी आणि पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), इस्ट्राडिओल (स्त्री हार्मोन), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) आणि एचआयव्ही-हेपॅटायटिसच्या तपासण्या होतात. डॉक्टरांना न विचारता सांगायच्या गोष्टी अशा: घरात कुणाला पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती का, स्वतःला डोळ्यांपुढे काजवे चमकून सुरू होणारी अर्धशिशी आहे का, सिगारेट, तंबाखू, मिशरी चालू आहे का, आणि आजवर मेडिकलमधून आणून काय काय घेतलं. शेवटचं लपवू नका. त्याशिवाय रिपोर्टचा अर्थच लागत नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्या गोळीच्या आधीची. पुढे कधी स्वतःचं मूल हवंसं वाटण्याची थोडीही शक्यता असेल तर वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल आत्ताच बोला. हार्मोनमुळे शुक्राणू कमी होतात, कधी कायमचे जातात. पण सगळ्यांचे जातीलच असंही नाही, म्हणून जोडीदाराला गर्भ राहू शकत असेल तर कंडोम सोडायचा नाही.

दुसरी पायरी: कोणतं औषध, आणि कोणतं अजिबात नको

हवं असतं ते इस्ट्राडिओल, म्हणजे अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन जातीचं तेच संयुग. गोळीत ते बहुधा इस्ट्राडिओल व्हॅलेरेट म्हणून मिळतं, उदाहरणार्थ प्रोजिनोव्हा. हार्मोनच्या डॉक्टरांची संघटना असलेल्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तोंडावाटे दिवसाला २ ते ६ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि सुरुवात खालच्या टोकापासून होते. त्वचेवर चोळायचं जेलही असतं. पॅच आपल्याकडे सहज मिळत नाहीत. जेल आणि पॅचमधलं औषध यकृतातून आधी न जाता थेट रक्तात उतरतं, म्हणून रक्ताच्या गाठीचा धोका कमी राहतो. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी, सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि वजन किंवा रक्तदाब जास्त असलेल्यांनी जेलबद्दल आवर्जून विचारावं. सिगारेटचा आणखी एक तोटा असा की गोळीतलं इस्ट्राडिओल यकृतात लवकर मोडतं, म्हणजे धोका वाढतो आणि परिणाम घटतो.

माला-डी, डायन-३५, जिनेट-३५, क्रिमसन-३५ या सगळ्यांत एथिनिल इस्ट्राडिओल असतं. ते कृत्रिम आहे आणि रक्त गोठवण्याची त्याची ताकद कितीतरी जास्त आहे. ॲम्स्टरडॅमच्या जेंडर क्लिनिकने २०११ साली दीर्घकाळचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एथिनिल इस्ट्राडिओल घेत असलेल्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला. त्याहून फसवं म्हणजे रक्ताच्या इस्ट्राडिओल तपासणीत हे औषध दिसतच नाही. रिपोर्ट कमी येतो, मुलगी घाबरते आणि अजून दोन गोळ्या वाढवते. प्रोल्युटॉन डेपोचं इंजेक्शनही "स्त्रीत्वाचं इंजेक्शन" म्हणून फिरतं. त्यात इस्ट्रोजेन अजिबात नसतं. ते प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध आहे.

सोबत टेस्टोस्टेरॉन अडवणारं औषध लागतं. स्पायरोनोलॅक्टोन मुळात लघवी वाढवणारं रक्तदाबाचं औषध आहे. इथे दिवसाला १०० ते ३०० मिलिग्रॅमपर्यंत दिलं जातं. सुरुवातीला वारंवार लघवी आणि उठताना चक्कर या तक्रारी येतात. सायप्रोटेरोन हे असंच दुसरं औषध, ते आपल्याकडे ५० मिलिग्रॅमच्या गोळीत मिळतं आणि कित्येकजणी ती अख्खी गोळी रोज घेतात. युरोपीय औषध संस्थेने २०२० मध्ये इशारा दिला की दिवसाला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतल्यास मेंदूच्या आवरणावरच्या मेनिंजिओमा या गाठीचा धोका वाढतो, आणि डोस व काळ जितका जास्त तितका तो अधिक. ट्रान्स आरोग्यावर काम करणाऱ्या डब्ल्यूपॅथ या जागतिक संघटनेची २०२२ ची तत्त्वं १० मिलिग्रॅमच सांगतात. तुमच्या चिठ्ठीवर ५० असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "मॅडम, हे कमी करता येईल का?" मन खूप उदास राहू लागलं तरी तेही सांगा, हे औषध मूडवर परिणाम करू शकतं.

प्रोजेस्टेरॉनने छाती भरते, असं सगळीकडे ऐकू येतं. तसा ठोस पुरावा अजून नाही.

तिसरी पायरी: शरीर कधी काय बदलतं

पहिल्या एक ते तीन महिन्यांत लैंगिक इच्छा कमी होते, सकाळचा ताठरपणा थांबतो. कुणाला यात सुटका वाटते, कुणाला धास्ती. दोन्ही ठीक आहे, आणि जोडीदार असेल तर आधी बोलून ठेवलेलं बरं. तीन ते सहा महिन्यांत त्वचा मऊ आणि कोरडी पडते, तेलकटपणा आणि घामाचा वास बदलतो, स्नायू उतरतात, चरबी कंबर, मांड्या आणि गालांकडे सरकू लागते. वृषणं लहान होतात.

छातीबद्दल जरा सावकाश सांगते, कारण काळजी आणि निराशा दोन्ही तिथेच साठतात. साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात निपलच्या मागे हरभऱ्याएवढी घट्ट गाठ हाताला लागते. दुखते. लोकलच्या गर्दीत कुणाचं कोपर लागलं, बॅगेचा पट्टा घासला, पालथं झोपलं की कळ येते. एक बाजू आधी आणि दुसरी मागाहून, असंही होतं. हीच वाढीची सुरुवात, कुठलाही आजार नाही. ती चोळून, दाबून, मालिश करून वाढत नाही. मऊ कापडाचं स्पोर्ट्स ब्रा घाला आणि सोडून द्या. पूर्ण वाढ व्हायला दोन ते तीन वर्षं लागतात. युरोपात २२९ ट्रान्स स्त्रियांवर झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पहिल्या वर्षातली वाढ बहुतेकींमध्ये माफकच होती, जवळजवळ निम्म्यांचा कप सगळ्यात लहान मापाहून पुढे गेला नव्हता, आणि रक्तातल्या इस्ट्राडिओलच्या आकड्यावरून कुणाची छाती किती वाढेल हे सांगता आलं नाही. हे वाक्य "चार घे" म्हणणाऱ्या प्रत्येकीला वाचून दाखवा. आईचा, बहिणीचा बांधा कसा आहे, हे त्यापेक्षा जास्त सांगून जातं.

अंगावरचे केस सहा ते बारा महिन्यांनंतर विरळ होऊ लागतात आणि त्याला तीन वर्षंही लागतात. दाढी हार्मोनने जात नाही, लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस करावंच लागतं. डोक्यावरचे केस गळायचे थांबतात, पण टक्कल पडलेल्या जागी परत येतील अशी आशा धरू नका. आवाज जराही बदलत नाही. त्यासाठी स्पीच थेरपिस्टकडे सराव करावा लागतो. उंची, खांदे, हाडं आहेत तशीच राहतात.

फोटो काढायचे असतील तर तीन महिन्यांनी एकदा, त्याच उजेडात, त्याच कपड्यांत. रोज आरशासमोर उभं राहून काही हाती लागत नाही.

चौथी पायरी: रक्त कधी द्यायचं आणि रिपोर्ट कसा वाचायचा

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा-दोनदा. लक्ष्य सोपं आहे: इस्ट्राडिओल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली. एककं मात्र नीट बघा. काही लॅब टेस्टोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात, तेव्हा ५० चं ०.५ होतं. इस्ट्राडिओल पिकोमोलमध्ये असेल तर १०० पिकोग्रॅम म्हणजे सुमारे ३६७. दुबईत किंवा लंडनमध्ये तपासणी करणाऱ्या मैत्रिणीचा आकडा तुमच्या चौपट दिसला तर आधी एकक विचारा.

रक्त प्रत्येक वेळी एकाच घड्याळाने द्या. गोळी घेत असाल तर सकाळची गोळी न घेता लॅबमध्ये जा आणि रक्त दिल्यावर घ्या. जिभेखाली गोळी ठेवणाऱ्यांनी तर हे पाळायलाच हवं, कारण तिचा आकडा तासा-दोन तासांत उसळतो आणि झपाट्याने उतरतो. जेल ज्या हाताला लावता त्या हातातून रक्त देऊ नका. इंजेक्शन असेल तर दोन इंजेक्शनांच्या मधोमध की पुढच्याच्या आदल्या दिवशी, हे डॉक्टरांना विचारून ठरवा आणि मग तेच कायम ठेवा.

समजा, तुमच्या हातात असा रिपोर्ट आला. लॅबच्या नोंदीत लिंग पुरुष. टेस्टोस्टेरॉन ०.३८, पुढे लाल अक्षरात "कमी". हिमोग्लोबिन १२.६, लाल, "कमी". इस्ट्राडिओल ६१०, लाल, "जास्त". पोटॅशियम ५.४, शेजारी छोटीशी खूण. घरी नेलात तर आई टेस्टोस्टेरॉनचा लाल आकडा बघून हबकेल, तुम्ही ६१० बघून खूश व्हाल. आता एकेक बघू. टेस्टोस्टेरॉन ०.३८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे ३८, अगदी हवं तिथे. लाल यासाठी की लॅबने पुरुषांची मर्यादा छापली. हिमोग्लोबिन टेस्टोस्टेरॉनबरोबर खाली येतं. स्त्रियांमध्ये १२ च्या वर असेल तर ते ठीकच. ६१० बद्दल पहिला प्रश्न: त्या सकाळी जिभेखाली गोळी ठेवून गेला होतात का? हो असेल तर तो आकडा निरुपयोगी, तपासणी पुन्हा करा. या कागदावर खरी दखल घ्यायची ती त्या छोट्याशा खुणेची. स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम वाढवतं, आणि वाढलेल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडतात. ५.४ दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. कधीकधी नमुना नीट न हाताळल्यानेही आकडा चढतो, म्हणून ते पुन्हा तपासायला सांगतील. पण तो निर्णय त्यांचा.

प्रोलॅक्टिन वर्षातून एकदा पुरतं. सायप्रोटेरोनने ते थोडं वाढतं. डोकेदुखी आणि नजर अंधुक होणं सोबत असेल तर मात्र वाट पाहू नका.

पाचवी पायरी: सप्लिमेंट्स

इथे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात, म्हणून थोडं कठोर लिहिते.

केसांसाठीच्या गमी आणि कॅप्सूलमध्ये बायोटिन असतं, कित्येकदा १०,००० मायक्रोग्रॅम. केसांना त्याचा किती उपयोग होतो हा प्रश्न बाजूला ठेवू. अनेक लॅबच्या मशीनमध्ये बायोटिन तपासणीतच घोळ घालतं: इस्ट्राडिओल आणि टेस्टोस्टेरॉन खोटे जास्त दिसतात, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन खोटे कमी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. टेस्टोस्टेरॉन खाली येत नाही म्हणून सायप्रोटेरोन वाढवलं जातं आणि कारण निघतं गमीच्या बाटलीत. रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबमध्ये सांगा.

व्हिटॅमिन डी तपासून घ्या. आपल्याकडे ते कमी असणं अगदी सर्रास आहे आणि हाडांना त्याची गरज असते. २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्यातून एक, साधारण आठ आठवडे देतात. आठवड्यातून एक, हे चिठ्ठीवर ठळक लिहून घ्या. रोज घेऊन विषबाधेपर्यंत गेलेली माणसं आहेत. कॅल्शियम जेवणातून मिळवा: नाचणीची भाकरी, दूध, ताक, तीळ. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. शाकाहारी असाल तर बी-१२ बघा. लोहाच्या गोळ्या फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी असेल तरच.

स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना रोजचं नारळपाणी, पोटॅशियमवालं कमी सोडियमचं मीठ आणि पोटॅशियमची सप्लिमेंट्स टाळा. आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी किंवा रक्तदाबाची टेल्मिसार्टन, रामिप्रिल सोबत आली तरी पोटॅशियम चढतं, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर आपली औषधं सांगा. ज्येष्ठमधाचा काढा नेमाने घेऊ नका, त्याने रक्तदाब वाढतो.

शतावरी, मेथी, सोयाबीन जेवणात असू द्या. त्यांनी छाती येत नाही. बस्ट क्रीम आणि "नॅचरल इस्ट्रोजेन" कॅप्सूल यांना एक रुपयाही देऊ नका. जिममधून मिळणारं अश्वगंधा, शिलाजीत, गोखरू, सफेद मुसळी तर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन वाढवतो म्हणूनच विकलं जातं. ज्याला आपण अडवतोय तेच वाढवायचा दावा करणारी गोष्ट विकत कशाला घ्यायची? अश्वगंधाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत.

इतर औषधांपैकी दोन आपल्या समुदायात वारंवार भेटतात. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन इस्ट्राडिओल झपाट्याने मोडून टाकतं. टीबीचे उपचार थांबवायचे नाहीत, हार्मोनच्या डॉक्टरांना कळवायचं. एआरटी सेंटरवरून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रावरून, टीएलडी ही गोळी मिळत असेल तर त्यातल्या डोल्युटेग्राव्हिरची हार्मोनशी अडचण नाही. हार्मोन टिकावेत म्हणून एचआयव्हीची गोळी चुकवू नका, तसं करायची काही गरज नाही.

तातडीने कधी जायचं

एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली, दाबल्यावर दुखते. अचानक धाप लागली, छातीत कळ आली, थुंकीतून रक्त आलं. अर्धा चेहरा किंवा एक हात लुळा पडला. एका डोळ्याला दिसेनासं झालं. यापैकी काहीही झालं तर थेट इमर्जन्सीत जा आणि "मी इस्ट्रोजेन घेते" हे पहिल्याच वाक्यात सांगा. लाजून लपवलं तर डॉक्टर रक्ताच्या गाठीचा विचार करायला उशीर करतात. डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद पिवळी झाली तर औषध न वाढवता दुसऱ्या दिवशीच दाखवा.

निर्वाण झालेल्यांसाठी आणि पुढच्या वर्षांसाठी

निर्वाण (समुदायातल्या रीतीने लिंग-वृषणं काढणं) किंवा ऑर्किएक्टॉमी (वृषणं काढायची शस्त्रक्रिया) झाली की टेस्टोस्टेरॉन अडवणाऱ्या औषधाची गरज संपते, स्पायरोनोलॅक्टोन आणि सायप्रोटेरोन डॉक्टरांना विचारून बंद होतात. इस्ट्राडिओलची गरज मात्र कायम राहते. आपल्या थोरल्या गुरूंमध्ये अशा कितीतरी जणी आहेत ज्यांचं निर्वाण तरुणपणी झालं आणि नंतर कुठलंच हार्मोन मिळालं नाही. शरीरात दोन्हींपैकी एकही हार्मोन नसेल तर हाडं आतून झिजतात. साध्या पडण्याने खुबा मोडतो. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर तिची डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या, व्हिटॅमिन डी बघा आणि तिला एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे न्या. वय जास्त असेल तर हार्मोन द्यायचे की नुसती हाडांची औषधं, ते तिथे ठरेल.

छाती वाढली की स्तनांचीही काळजी घ्यावी लागते. पन्नाशीनंतर आणि हार्मोनची पाच-दहा वर्षं झाल्यावर मॅमोग्राफीबद्दल विचारा. प्रोस्टेट शस्त्रक्रियेतही काढत नाहीत. वयाप्रमाणे पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करायची वेळ आली तर डॉक्टरांना आठवण करून द्या की टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असताना १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वरचा आकडाही दखल घेण्यासारखा असतो, लॅबच्या कागदावर ४ पर्यंत नॉर्मल छापलेलं असलं तरी.